वृद्धांची औषधे आणि क्लिनिकल फार्मासिस्ट

औषध तयार करणे, ते साठवणे आणि चिठ्ठीप्रमाणे देणे ही फार्मासिस्टची जुनी कामे. क्लिनिकल फार्मासिस्टचे काम तिथून पुढे सुरू होते. लिहून दिलेले औषध या रुग्णाला, या वयात, त्याच्या मूत्रपिंडांच्या आजच्या स्थितीत आणि तो घेत असलेल्या इतर गोळ्यांच्या जोडीने चालेल का, त्याचा गुण येतो आहे का, त्यातूनच नवा त्रास उद्भवला आहे का, हे तो खाटेजवळ जाऊन तपासतो आणि डॉक्टरांशी बोलून बदल सुचवतो. या शाखेची सुरुवात बहुतेक जण १९६६ पासून धरतात. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात, नवव्या मजल्यावरच्या शस्त्रक्रिया विभागातच फार्मसी थाटण्यात आली आणि फार्मासिस्ट प्रथमच डॉक्टर-परिचारिकांच्या रोजच्या कामात सामील झाले. १९९० मध्ये चार्ल्स हेपलर आणि लिंडा स्ट्रँड यांनी या विचाराला तात्त्विक बैठक दिली. औषध बरोबर दिले एवढ्याने फार्मासिस्टची जबाबदारी संपत नाही, औषधाच्या परिणामाचाही तो वाटेकरी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या जबाबदारीची खरी कसोटी वृद्ध रुग्णांच्या बाबतीत लागते.

म्हातारपणी शरीर औषध वेगळ्या रीतीने हाताळते. अंगातले पाणी घटते, चरबीचे प्रमाण वाढते, स्नायू झिजतात, यकृताकडे जाणारे रक्त कमी होते. डायझेपामसारखे चरबीत विरघळणारे औषध मग शरीरात मुक्काम ठोकते. विशीतल्या माणसाच्या रक्तात त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे २० तास लागतात, तर ऐंशीच्या घरात त्याला ९० तासांच्या आसपास लागू शकतात. रोज रात्री झोपेची एक गोळी घेणाऱ्या आजींच्या अंगात अशा वेळी मागच्या कित्येक रात्रींचे औषध साचलेले असते. त्यात वृद्ध मेंदूला त्याच मात्रेची गुंगी जास्त येते. उभे राहताना रक्तदाब सावरणारी यंत्रणाही मंदावलेली असते. पहाटे लघवीला उठताना तोल जाणे आणि खुब्याचे हाड मोडणे यामागे पुष्कळदा ही साखळी असते, पण केस पेपरवर नोंद होते ती फक्त ‘घसरून पडल्याची’.

मूत्रपिंडांची गोष्ट याहून फसवी आहे. त्यांची गाळण्याची क्षमता वयाबरोबर घटत जाते, पण रक्तातील क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि स्नायूच कमी झाल्याने त्याचा आकडा वाढलेला दिसत नाही. १९७६ मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी दिलेले सूत्र औषधांची मात्रा ठरवताना आजही वापरतात. त्या सूत्राने ७० किलो वजनाच्या ३० वर्षांच्या पुरुषाचे गणित मांडले, तर क्रिएटिनिन १.० असताना उत्तर मिनिटाला सुमारे १०७ मिलिलिटर येते. ४५ किलो वजनाच्या ८० वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिनही १.०च असेल, तर उत्तर ३२ च्या आसपास येते. लॅबच्या रिपोर्टवर दोघेही ‘नॉर्मल’. प्रत्यक्षात या स्त्रीची डिगॉक्सिन, प्रीगॅबालिन, मेटफॉर्मिन, डॅबिगॅट्रान आणि कित्येक अँटिबायोटिक्सची मात्रा नव्याने ठरवावी लागते, एखादे औषध टाळावेही लागते. गणित सोपे आहे, पण गर्दीच्या ओपीडीत ते करायला वेळ कोणाला असतो? अनेक रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्टचे दिवसातले पहिले काम हेच असते.

शरीरातल्या बदलांत औषधांच्या संख्येची भर पडते. एका वेळी पाच किंवा त्याहून अधिक औषधे चालू असली की त्याला ‘पॉलिफार्मसी’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा आकडा म्हणजे दोषारोप नव्हे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि मधुमेह असलेल्या माणसाला पाच औषधे रीतसर लागतात. प्रश्न त्या औषधांचा आहे, जी का चालू आहेत हे विचारल्यावर घरात कोणालाच सांगता येत नाही. भारतात अशी औषधे साचायला अनुकूल परिस्थिती आहे. गुडघ्यांसाठी एक डॉक्टर, बीपी-शुगरसाठी दुसरे, चक्कर आली की कोपऱ्यावरचे तिसरे, आणि मधल्या काळात मेडिकलवाल्याने दिलेली ‘पित्ताची गोळी’ वेगळीच. एकाच औषधाची अनेक ब्रँड-नावे आणि एका गोळीत दोन-तीन औषधे असलेली मिश्रणे यामुळे तेच औषध दोन वेगळ्या पत्त्यांतून दुप्पट पोटात जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. अशा मिश्रणांपैकी शेकडो केंद्र सरकारने २०१६ पासून वेळोवेळी बंद केली, तरी बाजारात उरलेली कमी नाहीत.

प्रश्नाचा आवाका लोकसंख्येतून कळतो. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक सुमारे १०.४ कोटी होते. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के आणि गोव्यात ११.२ टक्के. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती गोळा झाली. उतारवयात एकाच माणसाला दोन-तीन जुनाट आजार असणे हे भारतातलेही नेहमीचे चित्र आहे, हे तिच्यातून दिसले.

औषधांमुळे वृद्धांना नेमकी कुठे इजा होते, याची सर्वांत बोलकी आकडेवारी अमेरिकेतली आहे. तिथे २००७ ते २००९ या काळात ६५ वर्षांपुढच्या साधारण एक लाख लोकांना दर वर्षी औषधांच्या दुष्परिणामांमुळे तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागत होते. यांतल्या दोन-तृतीयांश प्रसंगांना औषधांचे चारच गट कारणीभूत होते: वॉरफरिन, इन्सुलिन, रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या आणि मधुमेहाच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या. एकट्या वॉरफरिनचा वाटा एक-तृतीयांश होता. उलट, गुणवत्ता मोजण्यासाठी ‘वृद्धांत धोकादायक’ म्हणून ठरवून दिलेल्या औषधांचा वाटा अवघा १.२ टक्के निघाला. हा शेवटचा आकडा जपून वाचायला हवा. गुंगीच्या गोळीने पडलेल्या माणसाची नोंद बहुधा ‘फ्रॅक्चर’ म्हणून होते, ‘दुष्परिणाम’ म्हणून नव्हे. तरीही जी औषधे सर्वांत आवश्यक, तीच सर्वांत घातक ठरतात, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते. त्यांतली बरीचशी बंद करता येत नाहीत. ती सांभाळून वापरावी लागतात आणि सांभाळायला माणूस लागतो. ब्रिटनमध्ये मर्सीसाइड भागातल्या १८,८२० रुग्णांच्या अभ्यासात (२००४) रुग्णालयात दाखल होण्याचे ६.५ टक्के प्रसंग औषधांच्या दुष्परिणामांशी जोडलेले आढळले. त्यांतले बहुसंख्य टाळता येण्याजोगे होते.

याद्या आणि त्यांच्या मर्यादा

वृद्धांना कोणती औषधे टाळावीत याची पहिली गाजलेली यादी अमेरिकी जराचिकित्सक मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये नर्सिंग होममधील रुग्णांसाठी तयार केली. पुढे अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने ती हाती घेतली आणि २०२३ पर्यंत तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. आयर्लंडमधल्या कॉर्क येथील गटाने २००८ मध्ये ‘स्टॉप’ आणि ‘स्टार्ट’ असे जोड निकष मांडले. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते १९० झाले असून त्यांतले १३३ काय थांबवावे याचे आणि ५७ काय सुरू करावे याचे आहेत. दुसरा भाग महत्त्वाचा आहे. वय झाले म्हणून हाडे ठिसूळ झाल्यावरचे औषध न देणे, किंवा हृदयाचे ठोके अनियमित असूनही रक्त पातळ करणारी गोळी न देणे, हीसुद्धा औषधयोजनेतली चूकच आहे. क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणजे गोळ्या कमी करणारा माणूस, ही समजूत अर्धवट आहे.

यादी मात्र रुग्णाला ओळखत नाही. ग्लिबेनक्लामाइड हे स्वस्त आणि वर्षानुवर्षे वापरात असलेले मधुमेहाचे औषध वृद्धांत साखर धोकादायकरीत्या आणि दीर्घकाळ खाली नेऊ शकते, एवढे यादी सांगते. आजोबा दर एकादशीला निर्जळी उपवास करतात आणि ‘गोळी चुकवायची नाही’ म्हणून ती रिकाम्या पोटी घेतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही. चातुर्मासात उपवासांची रांग लागते, तेव्हा गोळीचे दिवस आणि मात्रा आधीच ठरवून देणे हा महाराष्ट्रातल्या फार्मासिस्टच्या कामाचा साधा, पण कोणत्याही परदेशी यादीत नसलेला भाग ठरतो.

याद्यांच्या पलीकडे जाऊन शोधावी लागणारी आणखी एक गोष्ट म्हणजे औषधांची साखळी. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो, त्यावर दुसरे औषध सुरू होते, त्याच्या त्रासावर तिसरे. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९७ मध्ये या प्रकाराकडे लक्ष वेधले. बीपीसाठी अम्लोडिपिन दिले की काहींच्या पायांवर सूज येते. सूज उतरवण्यासाठी लघवीची गोळी सुरू होते. तिने पोटॅशियम घटते, रात्री चार वेळा उठावे लागते, झोपमोड होते आणि मग झोपेची गोळी येते. आपल्याकडे सर्रास दिसणारी साखळी चक्करच्या गोळीची आहे. सिनॅरिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन काही दिवसांसाठी लिहून दिले जाते, रुग्ण जुनी चिठ्ठी दाखवून ते महिनोन्‌महिने घेत राहतो, हात थरथरू लागतात, चाल मंदावते आणि कंपवाताचे निदान होऊन लेव्होडोपा सुरू होते. चक्करची गोळी बंद केल्यावर काही आठवड्यांत वा महिन्यांत चाल सुधारलेले रुग्ण जराचिकित्सकांच्या ओळखीचे आहेत. अशी साखळी उलगडायला मोठ्या उपकरणांची गरज नसते. कोणते औषध कोणत्या तारखेला सुरू झाले आणि कोणते लक्षण कधी आले, हे दोन रकान्यांत मांडले की पुरते. ते मांडायला कोणीतरी बसावे लागते, एवढेच.

काही औषधे एकेकटी निरुपद्रवी वाटतात, पण त्यांचे ओझे एकत्र साचते. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन, नसांच्या दुखण्यावरचे अमिट्रिप्टिलिन, लघवी रोखण्यासाठीचे ऑक्सिब्युटिनिन आणि थरथरीवरचे ट्रायहेक्सिफेनिडिल ही चारही शरीरातल्या ॲसिटिलकोलिन या एकाच रसायनाला अडवतात. तोंड कोरडे पडते, मलावरोध होतो, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी तुंबते. माणूस विसरभोळा, गोंधळलेला दिसू लागतो आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. मूत्रपिंडांच्या बाबतीत असेच एक त्रिकूट बदनाम आहे: बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलसारखे औषध, जोडीला लघवीची गोळी आणि त्यावर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची वेदनाशामक गोळी. उन्हाळ्यात जुलाब होऊन अंगातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत खालावू शकतात.

प्रत्यक्ष काम

कामाची सुरुवात रुग्ण खरोखर काय घेतो हे शोधण्यापासून होते. चिठ्ठीवरची यादी आणि घरातला गोळ्यांचा डबा यांत नेहमीच तफावत असते. म्हणून फार्मासिस्ट नातेवाइकांना घरातली सगळी औषधे पिशवीत भरून आणायला सांगतो. त्या पिशवीतून बंद झालेल्या गोळ्या निघतात, शेजारणीने दिलेल्या निघतात, आणि कात्रीने कापलेले पत्त्यांचे तुकडे निघतात, ज्यांवर नावही नसते आणि मुदतीची तारीखही. सोबत चूर्णे, काढे आणि गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या असतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्याने पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. कारल्याचा रस किंवा मेथीची पूड साखरेच्या गोळ्यांवर भर घालू शकते. ‘आयुर्वेदिक घेता का?’ असे विचारले की बहुतेक जण नाही म्हणतात. ‘सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी काय घेता?’ असे विचारले की उत्तर मिळते. प्रश्न कसा विचारायचा, हेही या प्रशिक्षणातले कौशल्य आहे.

ही खरी यादी रुग्णालयातल्या औषधपत्रकाशी ताडून पाहणे, हे पुढचे काम. दाखल होताना, आयसीयूतून वॉर्डात येताना आणि घरी सोडताना अशा तिन्ही वेळी ते करावे लागते, कारण चुका याच उंबरठ्यांवर होतात. थायरॉइडची गोळी दाखल होताना लिहायची राहून जाते. आयसीयूत तात्पुरते सुरू केलेले पँटोप्राझोल डिस्चार्ज कार्डावर जाते आणि पुढे पाच वर्षे चालू राहते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये ‘मेडिकेशन विदाउट हार्म’ हा जागतिक कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा धोकादायक औषधे व परिस्थिती, पॉलिफार्मसी आणि उपचारांचे हस्तांतर ही तीनच क्षेत्रे अग्रक्रमासाठी निवडली होती. वृद्ध रुग्ण या तिन्हींत मोडतो. औषधयोजनेतल्या चुकांचा जगाला बसणारा भुर्दंड संघटनेने वर्षाला ४,२०० कोटी डॉलर एवढा धरला होता.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर देखरेख ठेवणे, हा या कामाचा सर्वांत फळ देणारा भाग म्हणता येईल. भारतात वॉरफरिनच्या जोडीने ॲसिनोकूमारॉल मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. दोन्हींची मात्रा रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या आयएनआर या तपासणीवर ठरते. दात दुखतो म्हणून मेट्रोनिडाझोल घेतले किंवा बुरशीसाठी फ्लुकोनाझोल घेतले की आयएनआर भराभर वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व उलट दिशेने काम करते. भाजी बंद करा, असे सांगणे सोपे असते आणि चुकीचे. रोजच्या जेवणात तिचे प्रमाण साधारण सारखे ठेवा, असे समजावणे हे खरे समुपदेशन. नव्या औषधांत आयएनआर लागत नाही, पण हिशेब लागतोच. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी अपिक्साबान देताना वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी आणि क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तर मात्रा निम्मी करतात. एकच जुळत असताना केवळ ‘म्हातारे आहेत’ म्हणून ती निम्मी केली, तर पक्षाघाताचे पुरेसे संरक्षण मिळत नाही.

इन्सुलिनची अडचण भारतात आणखी एका कारणाने वाढते. इथे कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि पेनचे १०० युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपीची ४० साठी आणि नारिंगी टोपीची १०० साठी. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने भरले, तर अडीचपट मात्रा टोचली जाते. मोतीबिंदू झालेल्या माणसाला किंवा घाईत असलेल्या सुनेला हा फरक सहज दिसत नाही. रुग्णाकडून सिरिंज प्रत्यक्ष भरवून घेणे, हाच त्यावर उपाय. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट रोज घेतल्याने मृत्यू झाल्याचीही उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. म्हणून त्या गोळीवर वार लिहून देण्याचा आग्रह धरला जातो.

याखेरीज अनेक बारीक गोष्टी असतात. गिळता येत नाही म्हणून किंवा नाकातल्या नळीतून देण्यासाठी गोळ्या कुटल्या जातात. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली की दिवसभराचे औषध एकदम सुटते. थायरॉइडच्या गोळीपासून कॅल्शियम आणि लोह चार तास दूर ठेवावे लागते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घातलेले टिमोलॉल रक्तात उतरून नाडी मंद करू शकते आणि दम्याच्या रुग्णाचा दम वाढवू शकते. डोळ्यांचे थेंब हे ‘औषध’ आहे, असे सांगायचेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

औषध थांबवणे हे सुरू करण्याइतकेच काटेकोर काम आहे. झोपेच्या गोळ्या, बीटा ब्लॉकर, दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड ही औषधे एकदम तोडता येत नाहीत. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते आणि उतरवताना रुग्णावर लक्ष ठेवावे लागते. वर्षानुवर्षे घेतलेली पित्ताची गोळी एकदम बंद केली की काही दिवस जळजळ उलट वाढते. रुग्णाला हे आधी सांगितले नाही, तर तो चौथ्या दिवशी गोळी पुन्हा सुरू करतो.

पुराव्याचा ताळेबंद

या साऱ्याचा रुग्णांना फायदा होतो का, या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्टने आयसीयूतल्या राउंडला हजर राहायला सुरुवात केली, तेव्हा टाळता येण्याजोगे दुष्परिणाम ६६ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने या शाखेला मोठे बळ दिले. स्वीडनमधल्या उप्साला येथे ८० वर्षांपुढच्या ४०० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात (२००९) फार्मासिस्ट वॉर्डाच्या चमूत होता. एका वर्षात रुग्णांच्या रुग्णालय-भेटी १६ टक्क्यांनी आणि तातडीच्या विभागातल्या भेटी ४७ टक्क्यांनी कमी झाल्या.

पण ब्रिटनमध्ये २००५ साली उलटे घडले. रुग्णालयातून घरी गेलेल्या ऐंशीपुढच्या ८७२ रुग्णांपैकी एका गटाच्या घरी फार्मासिस्ट जाऊन आले, औषधे तपासली, सल्ला दिला आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्या गटात पुन्हा दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांनी वाढले. धोक्याची लक्षणे कळल्याने लोक लवकर रुग्णालयात गेले असावेत, असा एक तर्क आहे. २०२१ मध्ये युरोपातल्या चार केंद्रांवर सत्तरीपुढच्या २,००८ रुग्णांपैकी एका गटाची औषधयोजना डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांनी मिळून संगणकाच्या मदतीने सुधारली. अयोग्य औषधे कमी झाली, पण औषधांमुळे पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले, २१.९ आणि २२.४ टक्के. त्याच वर्षी स्वीडनमधल्या २,६३७ रुग्णांच्या अभ्यासातही रुग्णालयातल्या सर्वंकष आढाव्याने अनियोजित भेटी कमी झाल्या नाहीत. उप्सालाचे यश मोठ्या प्रमाणावर पुन्हा साधले नाही, हे मान्य करावे लागते.

ब्रिटनमधल्या वृद्धाश्रमांचा अनुभवही सावध करणारा आहे. २००९ च्या पाहणीत २५६ रहिवाशांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या बाबतीत औषधांची एक तरी चूक सापडली. औषध लिहून देण्याचा अधिकार असलेले फार्मासिस्ट तिथे नेमून पाहिले, तेव्हा गुंगी आणणाऱ्या औषधांचे ओझे घटले, पण पडण्याच्या घटना कमी झाल्या नाहीत.

याउलट, जिथे एकाच ठरावीक धोक्यावर नेम धरला, तिथे निकाल स्वच्छ आले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात साध्या दुकानातल्या फार्मासिस्टनी झोपेच्या गोळ्यांसारखी अयोग्य औषधे घेणाऱ्या वृद्धांना माहितीपत्रक दिले आणि डॉक्टरांना त्याच औषधाबद्दल शास्त्रीय टिपण पाठवले. सहा महिन्यांनी त्या गटातल्या ४३ टक्के लोकांचे ते औषध सुटले होते, इतरांत फक्त १२ टक्क्यांचे (२०१८). इंग्लंडमध्ये ७२ दवाखान्यांत झालेल्या प्रयोगात (२०१२) फार्मासिस्टने संगणकातल्या नोंदींतून मोजक्या धोकादायक जोड्या शोधल्या. अल्सर होऊन गेलेल्याला संरक्षक औषधाशिवाय वेदनाशामक, दमा असलेल्याला बीटा ब्लॉकर, पंचाहत्तरीपुढच्या माणसाला लघवीची गोळी देऊन रक्ततपासणी न करणे, अशा त्या जोड्या होत्या. डॉक्टरांशी बसून त्या सोडवल्यावर अशा चुका लक्षणीय घटल्या. ही पद्धत नंतर इंग्लंडभर पसरली.

या निकालांत एक सूत्र दिसते. ‘सगळी औषधे एकदा तपासून घ्या’ हा आदेश ऐकायला भारदस्त वाटतो, पण त्यातून वीस सूचनांचा कागद तयार होतो आणि त्यांतल्या निम्म्या अमलात येत नाहीत. ‘या रुग्णाची ही गोळी, या कारणाने, या तारखेपासून कमी करा’ ही एकच सूचना, समोरासमोर सांगितलेली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलेली, जास्त काम करते. पुन्हा दाखल होणे हे वृद्धांच्या बाबतीत शंभर कारणांनी घडते. एकट्या औषध-आढाव्याकडून ते थांबावे, ही अपेक्षाही अवास्तव होती.

भारतातली स्थिती

भारतात फार्मसी कायदा १९४८ चा आहे. त्याने दुकानातला फार्मासिस्ट घडवला, वॉर्डातला नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात म्हैसूर आणि उटी येथील जेएसएस महाविद्यालयांनी रुग्णालयाशी जोडलेले पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. २००८ मध्ये फार्मसी कौन्सिलने फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आणला, ज्यात शेवटचे वर्ष रुग्णालयातल्या इंटर्नशिपचे असते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाचे समुपदेशन हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले आणि २०२१ च्या दुरुस्तीत क्लिनिकल फार्मासिस्ट या पदाचाही समावेश झाला. कागदावर पाया तयार आहे. प्रत्यक्षात सरकारी रुग्णालयांत हे पद अपवादानेच दिसते, आणि फार्म.डी. झालेल्या मुलामुलींना औषधकंपन्यांतल्या दुष्परिणाम-नोंदणीच्या नोकऱ्या किंवा परदेश जवळचे वाटतात. खासगी रुग्णालयांत एनएबीएच या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या मानकांमुळे धोकादायक औषधांची यादी, औषधपत्रकांची तपासणी अशी कामे सुरू झाली. काही ठिकाणी ती रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचली, काही ठिकाणी तपासणीपुरत्या फायलींतच राहिली.

डॉक्टरांचा संकोचही आहे. आपल्या औषधयोजनेवर दुसऱ्याने बोट ठेवणे अनेकांना रुचत नाही, आणि नव्या फार्म.डी. पदवीधराला ज्येष्ठ सल्लागारासमोर बोलण्याचा धीर होत नाही. जिथे फार्मासिस्ट रोज राउंडला असतो तिथे हा दुरावा काही महिन्यांत विरघळतो, कारण चूक दाखवणारा माणूस ओळखीचा झालेला असतो. फोनवरून किंवा फक्त लेखी शेरा पाठवणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही. कायद्यानेही इथला फार्मासिस्ट औषध स्वतः बदलू शकत नाही. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित फार्मासिस्टला २००६ पासून औषध लिहून देण्याचा अधिकार आहे. भारतात तशी मागणी पुढे रेटण्याआधी, सूचना करण्याच्या आजच्या अधिकाराचा पुरेसा वापर व्हायचा आहे.

दुष्परिणामांच्या नोंदीसाठी जुलै २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. रुग्ण किंवा नातेवाईकही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतात. वृद्धांकडून येणाऱ्या नोंदी वाढल्या, तर भारतातल्या साखळ्या आणि त्रिकुटे यांचे स्वतःचे चित्र तयार होईल. आज बहुतेक आधार परदेशी आकडेवारीचाच घ्यावा लागतो, आणि तिच्यात ना ॲसिनोकूमारॉल ठळक दिसते, ना दोन रंगांच्या सिरिंजा, ना एकादशी.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या शंभर खाटांच्या रुग्णालयाला एकच क्लिनिकल फार्मासिस्ट परवडत असेल, तर त्याला सगळ्या वॉर्डांतल्या सगळ्या औषधपत्रकांवर सह्या करायला लावणे व्यर्थ आहे. घरी सोडल्या जाणाऱ्या पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांपैकी जे रक्त पातळ करणारी गोळी, इन्सुलिन, साखरेची गोळी किंवा झोपेची गोळी घेऊन जाणार आहेत, तेवढे त्याच्याकडे द्यावेत. मूत्रपिंडांचे गणित, मात्रा, सिरिंज, वार लिहिलेली मराठीतली यादी आणि पंधरा दिवसांनी एक फोन, एवढे काम त्याच्याकडून करून घ्यावे. उपलब्ध पुराव्याच्या आधारे सुरुवात करायची, तर ती इथूनच करावी.